आईचा कट, आक्काचे पाय

आमच्या घरात डाळ शिजली की तिच्या दोन वाटण्या व्हायच्या. आई पातेल्यावर झाकण तिरकं धरून वरचं पिवळं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायची. तो कट. खाली राहायची ती डाळ. कटात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि लाल चटणी पडली की गल्लीच्या तोंडापर्यंत वास जायचा, आणि आईच्या कटाच्या आमटीला निपाणीत आमच्या सगळ्या गोतावळ्यात नाव होतं. खालच्या घट्ट डाळीला लसणीची फोडणी बसायची आणि ती अण्णांच्या ताटात जायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या वखारीत दिवसभर पोती उचलायचे. गडी माणसाचं पोट भरायला काहीतरी जड लागतं, एवढाच त्यामागचा विचार. ताकदीची वस्तू म्हणजे कट, यावर आईचा ठाम विश्वास होता. डाळीचा सगळा जीव पाण्यात उतरतो, खाली राहतो तो चोथा, असं ती म्हणायची. घरात कोणी आजारी पडलं, कोणाचे दिवस भरत आले, की त्याला वाटी-वाटी कट. स्वतः खोकत असली तरी ती आपल्या वाटणीचा कट दुसऱ्याला द्यायची. आईचं प्रेम खरं होतं, म्हणूनच तिच्याशी वाद घालणं अवघड होतं.

माझा नातू बेळगावात जिमला जातो. त्याच्या खोलीत प्रोटीन पावडरीचा एवढा मोठा डबा आहे की आमच्या घरातली ज्वारी तेवढ्या डब्यात मावली असती. परवा त्यानं विचारलं, आजी, तुमच्या वेळी तुम्ही प्रोटीन कशातून घ्यायचात? मी म्हटलं, आम्ही वरचं पाणी घ्यायचो, प्रोटीन अण्णा घ्यायचे. तो हसला. मीही हसले, पण हे प्रकरण लिहायचं मी त्याच दिवशी ठरवलं. इतकी वर्षं ते कोणालाही सांगितलेलं नाही.

मी तेव्हा अकरावीत होते. घरात आम्ही चौघं, आणि त्यातली माझी मोठी बहीण आक्का लग्न होऊन चिकोडीच्या पलीकडे एका खेड्यात गेली होती. तिकडं सगळं कानडी. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा मी तिला कानडी बोलून दाखव म्हणून मागं लागले, तर म्हणाली, "मला कायबी कळत न्हाय गं त्यांचं. मान हलवती झालं." ते ऐकून मला आतून बरं वाटलं होतं, हे कबूल करते. कारण आमच्या घरात कानडी ही माझी मालमत्ता होती. आई कागलकडची, तिला बाजारापुरते आकडे सोडले तर कानडी शून्य. अण्णा वखारीत मोडकंतोडकं बोलायचे. मला मात्र शाळेत कन्नडच्या पेपरात चांगले मार्क पडायचे, आणि अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची मालू कन्नड फाडफाड बोलती. हिला सरकारी नोकरी ठेवलेली हाय." फाडफाड बोलणं वगैरे काही नव्हतं. मी पुस्तकातलं बोलायचे, आणि समोरच्यानं भराभर बोलायला सुरुवात केली की अर्धं ऐकून अर्धं जुळवायचे. पण हे मी कोणाला कशाला सांगू?

आक्का सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली ती भावोजींच्या चपला घालून. तिच्या स्वतःच्या पिशवीत होत्या, पायात शिरत नव्हत्या. मी स्टँडवर तिला उतरवून घ्यायला गेले होते. बसच्या पायरीवर तिनं पाऊल टाकलं आणि मी आधी पायच पाहिले. घोट्याचं हाड दिसतच नव्हतं. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तो तसाच राहायचा. चेहरा मात्र ओढलेला, दंड काठीसारखे. सासरी ती शेवटच्या पंगतीला जेवत असणार, आणि शेवटच्या पंगतीला काय उरतं ते आमच्या भागातल्या बायकांना सांगायला नको. आईनं तिला बघितलं आणि आत जाऊन चुलीवर डाळ चढवली. त्या दिवसापासून आक्काला कट सुरू झाला. सकाळी कट, दुपारी भाकरी कुस्करून कट, संध्याकाळी भाताबरोबर कट. हरभरा, मटकी, हुलगा यांतलं काही तिच्या वाऱ्याला उभं करायचं नाही, कारण ते वातूळ. शेंगदाण्यानं पित्त होतं. अंडं उष्ण. राहता राहिलं पाणी, आणि ते आईच्या मते अमृत होतं.

चार दिवसांनी आम्ही तिला दवाखान्यात नेलं. आक्काला रांगेत उभं राहवेना म्हणून तिला तपासून झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि मी व आई आत गेलो. तिथं बागलकोटकडून नुकतीच बदलून आलेली एक सिस्टर होती. उंच, काळीसावळी, आवाज खणखणीत, मराठीचा गंध नाही. तिनं माझ्याकडं बघून कानडीत सांगायला सुरुवात केली. प्रेशर ठीक आहे, लघवीत काही नाही, पण हिच्या अंगात रक्त नाही आणि ताकद नाही, म्हणून पाय सुजलेत. एवढं मला नीट कळलं. अंडं देता का, असं तिनं विचारलं. मी आईला विचारलं. आईनं उष्ण पडतं म्हणून मान हलवली. सिस्टरनं कपाळाला हात लावला आणि भराभर काहीतरी बोलली. मागं एक पोर किंचाळत होतं, कंपाउंडर कोणाचं तरी नाव पुकारत होता. त्यातलं शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं, हातानं गाठ मारल्याची खूण करून. "दिना काळु कट्रि. मरीब्याडरि." रोज बांधा, विसरू नका. बांधा कळलं, रोज कळलं. कानडीत पाय म्हणजे कालु, हे मला पहिलीपासून पाठ होतं. आणि आत्ताच तर पायांचं बोलणं चाललं होतं.

"काय म्हणत्यात?" आईनं विचारलं.

"रोज पाय बांधायचे म्हणत्यात. इसरायचं न्हाय."

मला एकदाही शंका आली नाही. शंका आली असती तरी मी परत विचारलं नसतं. आई माझ्याकडं कौतुकानं बघत होती, आणि रांगेतल्या दोन बायकांनीही मान वळवून बघितलं होतं. परत विचारणं म्हणजे मला कळलं नाही असं चारचौघांत कबूल करणं, आणि ते मला आजही सहज जमत नाही.

घरी आल्यावर आईनं जुन्या धोतराच्या लांब पट्ट्या फाडल्या. धोतर फाडल्याचा तो आवाज मला अजून आठवतो. पट्ट्या हळदीच्या पाण्यात भिजवून, पिळून, तिनं आक्काचे पाय बोटांपासून गुडघ्यापर्यंत आवळून बांधले. आई विडीचे कट्टे बांधत आलेली बाई. तिच्या हातची गाठ कधी सुटली नाही. रोज सकाळी सोडायचे, पुन्हा बांधायचे. पहिले दोन दिवस सूज उतरल्यासारखी वाटली आणि आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग ती सूज गुडघ्याच्या वर दिसू लागली. मग आक्काच्या पापण्या सकाळी सुजलेल्या असायच्या. डाव्या घोट्यावर पट्टीचा काठ रुतून चामडी सोलली. आक्का कण्हायची नाही, फक्त आई गाठ मारताना माझा हात धरायची, आणि तिची पकड दिवसेंदिवस सैल होत चालली होती. "पोरगं हलतंय न्हवं?" आई रोज विचारायची. आक्का मान हलवायची, पण लगेच नाही. त्या मधल्या दोन क्षणांत आम्ही तिघी श्वास धरून असायचो. आई म्हणायची, बांधणी कमी पडतीया, आणि पट्टी आणखी एक वेढा आवळायची.

आमच्या भिंतीला भिंत लागून निंगव्वा राहायची. गोकाककडची, वयस्क, घरात कानडीच बोलायची. पंधराएक दिवस गेले असतील. मी तिच्याकडं विरजण मागायला गेले तर ती ओसरीवर बसून भिजलेली मटकी ओल्या फडक्यात घालत होती. मी सहज विचारलं, काय करताय. ती मान वर न करता म्हणाली, "काळु कट्टाकत्तीनि." आणि फडक्याला गाठ मारली, अगदी सिस्टरनं हातानं दाखवली होती तशी.

मी वाटी हातात घेऊन उभी राहिले. कानडीत कडधान्याला काळु म्हणतात. तेही मला ठाऊक होतं, शाळेच्या पुस्तकात होतं. मोड आणायला फडक्यात बांधतात, त्याला आम्हीसुद्धा मटकी बांधणंच म्हणतो. सिस्टरनं अंड्याऐवजी मोडाचं कडधान्य सांगितलं होतं, रोज बांधा म्हणून. आणि आम्ही तिचे पाय बांधले होते. एका ळ पायी माझी बहीण भिंतीपलीकडं पाय आवळून पडली होती, आणि तिच्या पोटात जे होतं ते पाण्यावर वाढत होतं.

कोणाही शहाण्या माणसानं धावत जाऊन खरं सांगितलं असतं. मी घरी आले, विरजण ठेवलं आणि गप्प बसले. आता लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. अण्णांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, त्या रांगेतल्या बायका आल्या, भावोजी आणि त्यांची आई आली. पोराला काही झालं तर मालूनं केलं, असं जन्मभर म्हणतील. मी दुसराच मार्ग काढला. आई पाणी भरायला गेली की मी मूठभर फुटाणे आक्काच्या ओच्यात टाकायचे. शेंगदाणे आणि गूळ खलबत्त्यात कुटून लाडू वळायचे आणि ते उशीखाली लपवायचे. अण्णांच्या डाळीतली दोन पळ्या डाळ मी तिच्या कटात ढवळून टाकायचे. आक्का काही न विचारता खायची. पट्ट्या बांधायचं काम मी आईकडून मागून घेतलं आणि सैल बांधू लागले. पण आईला संध्याकाळी कळायचंच. ती वाकून बोट घालून बघायची, म्हणायची, "ही काय बांधणी झाली?" आणि स्वतः आवळायची. एकदा मी धीर करून म्हटलं, आई, उसळ देऊन बघूया का. ती म्हणाली, "सिस्टरनं सांगितलंय व्हय तसं?" मी पट्ट्या पिळायला घेतल्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी सिस्टर दारात उभी राहिली. गल्लीतल्या कोणत्या तरी पोराला डोस द्यायला आली होती आणि आक्का तपासणीला फिरकली नाही म्हणून डोकावली. अण्णा वखारीत होते. आई चुलीपुढं. मी आक्काजवळ. सिस्टरची नजर पट्ट्यांवर गेली आणि ती चपला न काढताच आत आली. वाकून तिनं एक गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. मग पिशवीतली कात्री काढून सरळ कापली. पट्टी बाजूला झाली, खालचा पाय दिसला, घोट्याची जखम दिसली. तिनं माझ्याकडं मान वळवली.

हे कोणी केलं, तिनं कानडीत विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं. तिनं क्षणभर माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिला कळलं. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं. "काळु अंदिद्नि," ती म्हणाली. "कालु अल्ल." काळु म्हटलं होतं मी, पाय नव्हे. मग तिनं विचारलं, शाळेत जातेस ना तू? या पोरीच्या पोटातलं लेकरू उपाशी आहे. आता हे तुझ्या आईला सांग. माझ्यासमोर सांग.

आई पदराला हात पुसत उभी होती. तिला एक अक्षर कळलं नव्हतं, पण सिस्टरची कात्री कळली होती. "मालू, काय म्हणत्यात? पोरीचं काय बिघडलंय का?" तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी आक्काकडं पाहिलं. ती छताकडं बघत होती. आई आणि सिस्टर माझ्या तोंडाकडं डोळे लावून होत्या, आणि दोघींच्यामध्ये पूल म्हणून एकटी मी.

"त्या म्हणत्यात," मी म्हटलं, "पायाचं काम झालं. आता सोडायचं. आता रोज कडधान्य बांधायचं, मटकी, मूग, हुलगा. त्याची उसळ द्यायची. कट न्हाय, डाळ द्यायची."

"पाय सोडून कडधान्य बांधायचं?"

"व्हय."

सिस्टरला मराठी येत नव्हती, पण एवढ्या मोठ्या रागाचं भाषांतर इतकं छोटं कसं, असं तिच्या भिवईवर स्पष्ट दिसलं. तिनं तो नाद सोडला आणि तरातरा चुलीकडं गेली. कटाचं पातेलं उचललं, पळीनं तळापासून ढवळलं, पळी वर धरली. पिवळं पाणी धारेनं खाली पडलं, पळीत काही उरलं नाही. तिनं ती रिकामी पळी आईच्या डोळ्यांपुढं धरली. मग शेजारचं अण्णांचं पातेलं उघडलं, त्यातली घट्ट डाळ पळीभर घेतली, पळी तिरकी केली. डाळ जागची हलली नाही. ती तिनं आक्काच्या वाटीत वाढली, आणि आईचा हात धरून आईकडूनच दुसरी पळी वाढवून घेतली. याला माझ्या भाषांतराची गरज नव्हती. आई त्या रिकाम्या पळीकडं किती तरी वेळ बघत राहिली. "म्या पोरीला पाणी पाजलं," ती म्हणाली, आणि तिथंच मटकन बसली. मी तिच्या शेजारी बसले, पण तो दोष तुझ्या एकटीचा नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

पुढचे दोन महिने आमच्या घरात खुंटीला कायम एक ओली पुरचुंडी लोंबत असायची. मटकीची उसळ, मुगाची उसळ, हुलग्याच्या पिठाचं माडगं, घट्ट वरण आणि भाकरी, दुपारी मूठभर फुटाणे, शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून. आणलं काहीच नाही बाहेरून. सगळं घरातच होतं, डब्यांत, आमच्या डोक्यावरच्या फळीवर. अण्णा आपल्या ताटातली डाळ आधी आक्काच्या वाटीत घालायचे आणि मग जेवायचे. आई पहिल्यासारखी कट काढून बाजूला ठेवायची आणि मग आठवण होऊन परत डाळीत ओतायची. सूज सावकाश उतरली. पण आक्काचं पोट महिन्याच्या मानानं लहानच राहिलं, आणि सिस्टर दर खेपेला पोटावर दोनदोनदा हात फिरवून बघायची. मी तिच्या तोंडाकडं बघायचं टाळायचे. त्या दोन महिन्यांत मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सगळ्याचा अर्थ एकच होता, की पोर जगू दे, मी कधीच पुढंपुढं करणार नाही.

मुलगी झाली. एवढीशी, दोन्ही ओंजळींत मावणारी, आणि पहिला आवाज काढायला तिनं इतका वेळ घेतला की बाहेर उभ्या असलेल्या अण्णांनी भिंतीला कपाळ टेकलं. मग ती रडली. सिस्टरनं तिला फडक्यात गुंडाळून आधी माझ्या हातात दिलं, आईच्या नाही. आणि मला म्हणाली, "कट्टु." बांध. मी ते फडकं नीट लपेटून गाठ मारली, आणि बोट घालून ती आवळली नाही ना ते बघितलं.

ती मुलगी आज स्वतः आजी व्हायला आली आहे. आई-अण्णा गेले. आई शेवटपर्यंत सांगायची, त्या सिस्टरनं आधी पाय बांधून घेतले म्हणून सूज धरली, आणि मग कडधान्यानं उतरवली. मी ऐकून घ्यायचे. सरकारी नोकरी मला लागली, कन्नडच्याच जोरावर, आणि त्या नोकरीत कोणीही काही सांगितलं की मी दोनदा विचारून घ्यायचे. ऑफिसात माझी त्यावरून थट्टा व्हायची.

आक्का आता मुलाकडं बेळगावात असते. गेल्या महिन्यात तिला भेटायला गेले. वयामुळं तिच्या पायांच्या शिरा फुगल्यात, आणि डॉक्टरांनी रबरी पट्टी गुंडाळायला सांगितली आहे, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. सून खडेबाजारात गेली होती. आक्का पलंगावर पाय पसरून बसली होती, आणि डाव्या घोट्यावरचा तो पांढरा वण तसाच होता. मी नजर दुसरीकडं वळवली. ती पट्टीची गुंडाळी हातात घेऊन म्हणाली, "मालू, तू बांध."

मी म्हटलं, मला जमायचं नाही, सूनबाई येऊ दे.

"बांध गं," आक्का म्हणाली. "ह्या खेपेला डॉक्टरनं कालुच सांगितलंय."

मी वर पाहिलं. ती हसत होती. सासरी वर्षभर मान हलवत काढलेली माझी बहीण, सिस्टर घरी आली त्या दुपारी छताकडं बघत पडली होती, आणि तिला एकेक अक्षर कळत होतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पट्टी घेतली, वणावरून हलक्या हातानं फिरवली, आणि एका वेढ्यामागं एक वेढा घेत बांधत गेले.

"आवळ जरा," आक्का म्हणाली. "आईगत न्हाय, पर जरा आवळ."